किल्ली कुणाच्या हाती?

घराला कुलूप लावून परगावी निघण्याचा एक क्रम मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. दूधवाल्याला आणि वर्तमानपत्रवाल्याला सांगायचे, गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, नळ तपासायचे, मेन स्विच खाली ओढायचा, कुलूप दोनदा ओढून पाहायचे आणि एक किल्ली शेजारच्या काकूंच्या हाती ठेवायची. गेल्या काही वर्षांत या क्रमात एक अडचण उभी राहिली आहे. अनेक घरांत आता मेन स्विच बंद करता येत नाही; कारण घरातील संगणक चालू ठेवायचा असतो.

अडचण क्षुल्लक वाटेल, परंतु तिच्यामागे बदललेल्या कुटुंबजीवनाचे वास्तव आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत गेलेले आईवडील, महिन्यातील वीस दिवस बाहेरगावी असणारा अभियंता, गृहनिर्माण संस्थेचे हिशेब विनामूल्य सांभाळणारे निवृत्त बँक अधिकारी, सतत प्रवासात असणारा कार्यकर्ता, या साऱ्यांचे काम घरातील वा कार्यालयातील एका संगणकात साठलेले असते. विम्याची कागदपत्रे, घराचे खरेदीखत, सातबाऱ्याची प्रत, आयकराची जुनी विवरणपत्रे, टॅलीतील जमाखर्च, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची छायाचित्रे. न्यू जर्सीत रात्री अकरा वाजता एखादा कागद हवा झाला, तर तो डोंबिवलीच्या घरातील पेटीत असून उपयोगाचा नाही. अशा वेळी हजारो मैलांवरून घरचा संगणक उघडून, तो समोर असल्याप्रमाणे चालवण्याची सोय हे वरदानच म्हटले पाहिजे. ‘असले उद्योग करूच नयेत’ असा उपदेश करणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. परंतु गरज खरी असताना मनाई केली, की ती गरज आडमार्गाने भागवली जाते. त्यामुळे प्रश्न ही सोय वापरावी की नाही असा नाही. ज्या वाटेने आपण घरात शिरणार, त्याच वाटेने आणखी कोण शिरू शकते, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, कारण सोय करून देणारा घरचाच असतो. प्रत्येक कुटुंबात संगणकातील एक तज्ज्ञ भाचा किंवा पुतण्या असतोच. तो दिवाळीला येतो, फराळाचे ताट बाजूला ठेवून राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरतो, एक पोर्ट खुला करतो, विंडोजमधील ‘रिमोट डेस्कटॉप’ सुरू करतो आणि पाच मिनिटांत काकांच्या भ्रमणध्वनीवर घरच्या संगणकाचा पडदा दाखवून सर्वांची वाहवा मिळवतो. भाऊबीज आटोपून तो परत जातो. खुला केलेला पोर्ट मात्र तसाच राहतो. पोर्ट म्हणजे संगणकाच्या पत्त्यावरील क्रमांकित दरवाजा. रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा ३३८९ क्रमांकाचा, हे जगजाहीर आहे. तो क्रमांक बदलून दुसरा ठेवला की काम झाले, असा या तज्ज्ञांचा एक आवडता समज आहे. दारावरची पाटी काढल्याने दार नाहीसे होत नाही.

सर्वसामान्य माणसाची येथे एक प्रामाणिक शंका असते. आपल्यासारख्या मध्यमवर्गीयाच्या संगणकात असे काय दडले आहे, की कुणी तो फोडण्याचे कष्ट घ्यावेत? शंका स्वाभाविक आहे. परंतु चोर आधी घर निवडतो आणि मग फोडतो, या जुन्या अनुभवावर ती उभी आहे. इंटरनेटवर हा क्रम उलटा आहे. तेथे यंत्रे सगळीच दारे ठोठावत जातात आणि जे उघडेल, ते घर कुणाचे हे मागाहून पाहिले जाते. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘झेडमॅप’ नावाचे साधन प्रसिद्ध केले. एका साध्या सर्व्हरवरून, चांगली जोडणी असेल तर, या साऱ्या पत्त्यांवरील एखाद्या क्रमांकाचे दार उघडे आहे की नाही हे पाऊण तासाच्या आत तपासता येते, असे त्यांनी दाखवून दिले. संशोधकांचा हेतू अभ्यासाचा होता. तेच तंत्र दुर्जनांनाही उपलब्ध आहे. डोंबिवलीतील खुला दरवाजा सापडण्यासाठी कुणी डोंबिवलीचे नाव ऐकलेले असण्याची आवश्यकता नाही.

अशा उघड्या दारांचे काय होते, याचे दोन दाखले पुरेसे आहेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीच्या दारातून जगभर पसरला. त्याने संगणकातील फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना नियोजित तपासण्या रद्द कराव्या लागल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. दुसरा दाखला थेट रिमोट डेस्कटॉपचा. मे २०१९ मध्ये त्यात ‘ब्ल्यूकीप’ नावाने ओळखला गेलेला दोष उघड झाला. पासवर्ड ठाऊक नसतानाही बाहेरच्या माणसाला संगणकाचा ताबा मिळू शकेल, असे त्याचे स्वरूप होते. विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच थांबवली होती. तरीही या दोषापुरती एक्सपीसाठीही दुरुस्ती देणे कंपनीला भाग पडले, यावरून गांभीर्य ध्यानात यावे. आज विंडोज १० ची नियमित मोफत देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेली आहे. ‘अजून चांगला चालतो आहे की’ म्हणून जपलेला जुना संगणक घरात पत्रव्यवहारासाठी वापरणे वेगळे आणि त्याचे दार जगासमोर उघडणे वेगळे.

दरवाजांचा हा विचार मराठी माणसाला नवा असण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गरचनेविषयी जे मार्गदर्शन आहे, ते या संदर्भात मुद्दाम वाचावे असे आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा त्यांनी मोठा दोष मानला. अडचणीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी आणखी दरवाजे हवेत, चोरदिंड्या हव्यात, असे ते सांगतात. आणि त्याच ठिकाणी पुढे बजावतात, की नित्याच्या राबत्याला लागतील तेवढेच ठेवून बाकीचे दरवाजे आणि दिंड्या चिणून टाकाव्यात. दूरप्रवेशाचे सारे शास्त्र या सूचनेत सामावले आहे. आडवाट असावी, पण ती मोजकी असावी, आपल्याला ठाऊक असावी आणि उरलेल्या वाटा चिणलेल्या असाव्यात. घरातील किती दिंड्या उघड्या आहेत, याची मोजदाद तरी किती गृहस्थांनी केली आहे?

ही मोजदाद राऊटरपासून सुरू करावी लागते. इंटरनेटची जोडणी देणारा तंत्रज्ञ भिंतीवर जो डबा लावून जातो, त्याचा मूळ पासवर्ड बहुतेक घरांत कधीच बदललेला नसतो. त्या डब्यात ‘यूपीएनपी’ नावाची एक सोय असते. तिच्या जोरावर घरातील एखादा प्रोग्राम किंवा उपकरण मालकाला न विचारता बाहेरचे दार उघडून घेऊ शकते. बंगल्याच्या फाटकावर सुरक्षेसाठी बसवलेला कॅमेरा स्वतःच दिंडी होऊन बसल्याची उदाहरणे आहेत. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठाहून अधिक ठरावीक पासवर्ड एकामागून एक वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या फौजेने अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. कॅमेऱ्याच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. तेव्हा यूपीएनपी बंद करणे, राऊटरचा पासवर्ड बदलणे आणि भाच्याने उघडलेले जुने दार शोधून बंद करणे, हे पहिले काम. ते अर्ध्या तासाचे आहे आणि त्याला पैसा पडत नाही.

मग आपण जायचे कोणत्या वाटेने? या प्रश्नाचे उत्तर तीन दशकांपूर्वी फिनलंडमध्ये मिळाले आणि त्याची कथा उद्बोधक आहे. त्या काळी दूरचा संगणक ‘टेलनेट’ने चालवला जाई. टेलनेटमध्ये पासवर्ड जसाच्या तसा, पोस्टकार्डावर लिहिल्याप्रमाणे, तारेतून जात असे. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी हे पासवर्ड टिपून घेत असल्याचे उघडकीस आले. तेथील संशोधक तातु य्लोनेन यांनी त्यावर नवी पद्धत रचली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती विनामूल्य खुली केली. तीच ‘एसएसएच’. तिला मिळालेला दरवाजाचा क्रमांक २२. टेलनेटचा २३ आणि फायली पाठवण्याच्या ‘एफटीपी’चा २१. या दोन्ही असुरक्षित पद्धतींची जागा घ्यायची होती, म्हणून त्यांच्या मधला क्रमांक त्यांनी मागून घेतला. तो आजही चालू आहे.

एसएसएचचे मर्म किल्ल्यांच्या जोडीत आहे. या जोडीतील एक किल्ली उघड असते. ती घरच्या संगणकावर ठेवायची. दुसरी गुप्त, ती प्रवासात स्वतःजवळच्या लॅपटॉपमध्ये, तिच्यावर आणखी एक पासवर्ड घालून ठेवायची. दोन संगणकांचा संवाद सुरू झाला, की घरचा संगणक असे कोडे घालतो की जे गुप्त किल्लीवाचून सुटत नाही. किल्ली स्वतः मात्र तारेतून कधीच जात नाही. म्हणजे मधल्या वाटेवर कान लावून बसलेल्याला चोरण्यासारखे काही मिळतच नाही. अशी जोडी तयार झाली, की पासवर्डने प्रवेश देण्याची सोय घरच्या संगणकावर पूर्णपणे बंद करावी. नातवाचे नाव आणि जन्मसाल जोडून केलेले पासवर्ड लाखांनी पाठ असलेली यंत्रे मग दारावर डोके आपटत बसली तरी बिघडत नाही.

घरगुती वापराला याहून सोयीची वाट म्हणजे स्वतःचा व्हीपीएन. हा शब्द जाहिरातींनी पुष्कळ भ्रष्ट केला आहे. परदेशातील मालिका पाहण्यासाठी महिना अमुक रुपये भरून घेतला जाणारा व्हीपीएन वेगळा. त्याचा येथे काहीही उपयोग नाही. येथे अभिप्रेत आहे तो आपल्या लॅपटॉपपासून आपल्याच घरापर्यंत खणलेला खासगी बोगदा. जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेली ‘वायरगार्ड’ ही पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तिचा मूळ मजकूर अवघा चार हजार ओळींच्या आसपास. जुन्या पद्धतींच्या तुलनेत तो इतका आटोपशीर, की एकटा जाणकारही तो बसून तपासू शकतो. तिचा एक गुण विशेष मानला पाहिजे. योग्य किल्ली नसलेल्या कुणी दार ठोठावले, तर ती ‘कोण आहे?’ असेही विचारत नाही. उत्तरच देत नाही. पाऊण तासात जगाची दारे ठोठावणाऱ्या यंत्राला तेथे दार असल्याचेच कळत नाही. रिमोट डेस्कटॉप वापरायचाच असेल, तर तो या बोगद्याच्या आत वापरावा. थेट इंटरनेटवर कदापि नाही.

भारतात मात्र एक व्यावहारिक अडथळा येतो. पत्त्यांची टंचाई असल्यामुळे येथील अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. मोठ्या वाड्यात शंभर बिऱ्हाडे आणि टपालासाठी पत्ता एकच, असा हा प्रकार. बाहेरून आलेला पाहुणा कोणत्या बिऱ्हाडात सोडायचा हे दरवानाला कळत नाही. राऊटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण अशा वाड्यात राहतो असे समजावे. पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६, भारतात वेगाने रुजली आहे आणि तीत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. परंतु त्याबरोबरच राऊटरमधील पहारा चालू आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही येते. हे सारे ज्यांना किचकट वाटते, त्यांच्यासाठी वायरगार्डवरच उभारलेल्या ‘टेलस्केल’सारख्या सेवा आहेत. घरचा संगणक आणि प्रवासातील लॅपटॉप, दोघेही आतून बाहेर जाऊन एका ठरलेल्या ठिकाणी एकमेकांची ओळख पटवतात. घराच्या बाजूने एकही दार उघडावे लागत नाही.

टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप ही बहुतेकांच्या परिचयाची साधने. ती वाईट नाहीत आणि घरोघरी तीच वापरली जातात, हेही मान्य केले पाहिजे. फक्त शेजारच्या काकूंकडे ठेवलेल्या किल्लीचा न्याय त्यांना लागू आहे, याचे भान असावे. काकू कितीही विश्वासू असल्या, तरी त्यांच्याही घरी चोरी होऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या मुख्य यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे एनीडेस्क या जर्मन कंपनीनेच जाहीर केले आणि खबरदारी म्हणून आपल्या संकेतस्थळावरील ग्राहकांचे पासवर्ड रद्द केले. म्हणून अशा सेवेच्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरे कुलूप हवेच. ते कुलूपही विसरलेल्या खात्याला लावायचे राहून जाते. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाला इंधन पुरवणारी ‘कलोनियल’ची पाइपलाइन काही दिवस बंद पडली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजली. चोर आत आला तो एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्याला पासवर्ड होता, दुसरे कुलूप नव्हते. एवढ्या बलाढ्य कंपनीची ही कथा असेल, तर आपण गेल्या वर्षी एकदाच वापरलेल्या आणि विसरलेल्या खात्याची काय अवस्था असेल?

येथवर सांगितलेले सारे काळजीपूर्वक केले, तरी एक दार उरते. या विषयातील सर्वांत वेदनादायक कहाण्या त्याच दारातून आत आलेल्या आहेत. बंगळुरूत किंवा बॉस्टनमध्ये असलेला मुलगा पुण्यातील आईवडिलांना दुरून मदत करतो. प्रिंटर चालत नाही, बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, मोबाइलमध्ये जागा शिल्लक नाही. मुलगा फोनवर सांगतो, “बाबा, ते लाल चिन्हाचे अॅप उघडा. वर जो नंबर दिसतोय तो मला सांगा. आता ‘अनुमती द्या’ असे आले ना, त्यावर दाबा.” बाबा तसे करतात आणि काम होते. दहा वेळा असे झाले, की ती कृती त्यांच्या अंगवळणी पडते. फोनवर समजावून सांगणारा आवाज, नऊ आकड्यांचा क्रमांक, अनुमतीचे बटण, आणि अडचण दूर. मुलाने प्रेमापोटी जी सवय लावली, नेमकी तीच सवय भामट्याला हवी असते. अकराव्या वेळी फोन मुलाचा नसतो.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी भारतीय रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेला इशारा याच प्रकाराबद्दल होता. ग्राहकाला एनीडेस्कसारखे, एरवी पूर्ण सरळमार्गी अॅप घ्यायला लावायचे, त्यावर येणारा नऊ आकडी क्रमांक विचारून घ्यायचा आणि मग त्याच्याच मोबाइलमधून त्याच्या बचतीवर हात मारायचा, अशी ती रीत. निमित्ते पुढे बदलत गेली. केवायसी अपूर्ण आहे, विजेचे बिल थकल्यामुळे आज रात्री जोडणी तोडली जाईल, कुरियर अडकले आहे, पैसे परत मिळायचे आहेत. मागणी मात्र एकच राहिली: अॅप घ्या आणि नंबर सांगा. अशा फसवणुकीत कोणतेही कुलूप फुटत नाही. घरमालक स्वतः उठून दार उघडतो. फसलेले ज्येष्ठ नागरिक त्यानंतर पैशापेक्षाही एका गोष्टीने अधिक खचतात. ‘तुम्ही इतके शिकलेले असून असे कसे केलेत?’ हा प्रश्न त्यांना मुलांकडूनच ऐकावा लागतो. तो विचारण्यापूर्वी मुलांनी आपण त्यांना काय शिकवले होते, हे आठवावे.

उपाय घरातच आहे. मुलगा घरी येईल तेव्हा त्याने आईवडिलांच्या संगणकावर स्वतःसाठी कायमची, किल्लीवर चालणारी वाट तयार करून ठेवावी. म्हणजे त्यांना कधीही, कुणालाही, कोणताही क्रमांक वाचून दाखवण्याची वेळच येणार नाही. मग घरात एक साधा नियम सांगता येतो: जो फोनवर नंबर मागेल तो आपला नव्हे, आवाज ओळखीचा वाटला तरी. मदत हवी असेल तेव्हा फोन आईवडिलांनी करायचा, आपल्या वहीत लिहिलेल्या क्रमांकावर. मोबाइलमधून तर अशी अॅप काढूनच टाकलेली बरी. कारण ओटीपी आणि बँक, दोन्ही तेथेच असतात. आणि घात झालाच, तर संकोच न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर आणि बँकेला कळवावे. रक्कम खात्यांखात्यांतून पुढे जाण्याआधी ती गोठवता येते का, हे त्या पहिल्या काही तासांवर अवलंबून असते.

आता प्रत्यक्ष प्रवासाविषयी. विमानतळावरील वा रेल्वे स्थानकावरील मोफत वायफायची धास्ती अनेकांना असते. वर सांगितलेला बोगदा वापरला, तर ती बरीचशी अनाठायी आहे. खरा धोका हॉटेलच्या स्वागतकक्षात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या संगणकाचा. त्यावर टंकलेले प्रत्येक अक्षर नोंदवणारा प्रोग्राम बसवलेला आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. त्यावरून घर कधीही उघडू नये. परदेशी जाणाऱ्यांना दुसरा अनुभव ओटीपीचा येतो. भारतातील सिमकार्डावर येणारा संदेश तेथे वेळेवर पोहोचेलच असे नाही. म्हणून दुसऱ्या कुलपासाठी एसएमएसऐवजी मोबाइलमध्ये दर तीस सेकंदांनी नवा आकडा दाखवणारे अॅप वापरावे. त्याला नेटवर्कही लागत नाही. मोबाइलच हरवला तर काय, म्हणून त्या खात्यांचे तातडीचे संकेतांक कागदावर लिहून पाकिटापेक्षा वेगळ्या पिशवीत ठेवावेत. एसएसएच वापरणाऱ्यांनी घरच्या संगणकाचा ‘ठसा’, म्हणजे त्याच्या ओळखीची अक्षरमालिका, निघण्यापूर्वी टिपून घ्यावी. परगावी पहिल्यांदा जोडणी करताना पडद्यावर येणारा ठसा तोच आहे का, हे पडताळल्यावरच ‘होय’ म्हणावे. बहुतेक लोक न वाचता ‘होय’ म्हणतात.

आणि वीज! महाराष्ट्रात राहून तिला विसरता येत नाही. वीज जाऊन परत आली, की बहुतेक संगणक आपणहून सुरू होत नाहीत. त्यासाठी संगणकाच्या बायॉसमध्ये, वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची एक सूचना असते. ती आधीच देऊन ठेवावी लागते. राऊटरला छोटा इन्व्हर्टर असला तर उत्तम. डिस्क कूटबद्ध करून सुरुवातीलाच पिन मागण्याची व्यवस्था ज्यांनी केली आहे, त्यांनी ध्यानात ठेवावे, की वीज गेल्यानंतर संगणक त्या पिनपाशी थांबून राहील आणि दुरून तो टंकता येणार नाही. येथे सोय आणि सुरक्षा यांतील एकाची निवड करावीच लागते. घर महिनोन्‌महिने रिकामे राहणार असेल, तर चोर डिस्कच उचलून नेण्याची शक्यता जमेस धरून, पिन ठेवावा आणि तो विश्वासू नातेवाइकाला सांगून जावे, हे अधिक शहाणपणाचे. सारी व्यवस्था निघण्याच्या आठवडाभर आधी मोबाइलच्या इंटरनेटवरून, शक्यतो दुसऱ्याच्या घरी बसून, एकदा वापरून पाहावी. घरच्याच वायफायवर बसून घेतलेली चाचणी ही चाचणी नव्हे.

या साऱ्याहून आधी विचारण्याचा एक प्रश्न राहिला. संपूर्ण संगणक उघडण्याची खरोखर गरज आहे का? पुष्कळदा हवे असतात चार कागद. ते सोबत नेता येतात. आधार, वाहनचालक परवाना, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये २०१५ पासून ठेवता येतात. हिशेबाची एकच फाइल लागणार असेल, तर तेवढाच एक फोल्डर बोगद्यातून दिसेल असे करता येते. संस्थांच्या बाबतीत ही काटकसर अधिकच आवश्यक आहे. कार्यालयातील संगणकात देणगीदारांची नावे असतात, विद्यार्थ्यांचे पत्ते असतात, रुग्णांच्या नोंदी असतात. ही माहिती लोकांनी संस्थेवर विश्वास ठेवून दिलेली असते. प्रवासातल्या एका कार्यकर्त्याच्या सोयीसाठी ती सारी एका पासवर्डामागे उभी करणे कितपत योग्य आहे, याचा निर्णय तंत्रज्ञ तरुणावर सोडून चालणार नाही; तो विश्वस्तांनी बैठकीत घ्यायचा आहे. कोणाकोणाकडे किल्ली आहे, याची यादी इतिवृत्तात असावी. कार्यकर्ता दुसऱ्या जबाबदारीवर गेला, की कपाटाची किल्ली जशी सही करून परत घेतली जाते, तशी त्याची ही किल्लीही त्याच दिवशी रद्द व्हावी.

प्रवास संपवून घरी परतल्यावर शेजारच्या काकूंकडून किल्ली परत घेतली जाते, दूध आणि वर्तमानपत्र सुरू होते. त्याच संध्याकाळी संगणकापुढे बसून गेल्या महिन्यात कोणकोण केव्हा आत आले, त्याची नोंदवही एकदा पाहावी. ओळखीची नसलेली वेळ दिसली, तर चौकशी करावी. नसेल, तर पुढच्या प्रवासापर्यंत बोगदा बंद करून, हरवलेल्या किंवा विकून टाकलेल्या जुन्या मोबाइलचे नाव यादीत अजून आहे का, तेवढे पाहून ते खोडून टाकावे.